मूठ वळत नाही

३ डिसें., बमरोली
आज परत भाकरी थापता आली नाही. उठले तेव्हा बोटं फुगलेली, मूठच वळेना. सासूबाईंनी परात ओढून घेतली. दुपारी बोटं मोकळी झाली तशी साड्यांवर खडे चिकटवायला बसले. लगेच ऐकवलं, "भाकरीले हात चालतस नही, खडास्ले बरा चालतस!" काय बोलणार, कप्पाळ.

७ डिसें.
हे मिलमधून आले. मनगट पुढं केलं, सुजलेलं, गरम. "थंडी शे, सगळासनं दुखस." नि झोपले पण! सगळ्यांचं सुजलंय का? तेल, शेक, वाताच्या पुड्या... झालं सगळं करून.

१४ डिसें.
एकटीच दवाखान्यात. रक्ताचा रिपोर्ट आला. डॉ. बाई हिंदीत सांगत होत्या. अंगातली जी फौज जंतूंशी लढते, तीच चुकून आपल्या सांध्यांवर उलटते. घरचेच उलटतात म्हणजे. ते मला वेगळं समजवायला नको. रात्रभर हात हलत नाही म्हणून सकाळी आखडतो, वापरला की सुटतो. ऐकून रडूच आलं. मी नाटकं करत नव्हते! मुळासकट जात नाही, औषधानं आवरतं. मध्येच सोडलं तर बोटं वाकडी होतील. नवऱ्याला आणा म्हणाल्या.

२१ डिसें.
आले हे, सुट्टी टाकून. सगळं ऐकलं. "दवा कब तक?" "बरसों. शायद हमेशा." मला वाटलं, आता आईला चांगलं खडसावतील. वेडी मी.

२२ डिसें.
सांगितलं आईला. दार लोटून, हळू आवाजात. मग बाहेर येऊन मला, "थोडा दिन माहेरले ऱ्हाय, हवा बदली." सासूबाई माझ्याकडे बघेनात. गोळ्या तिकडं कोण देणार, तपासणार कोण? "देखू."
खोटं वाटत होतं तोवर शिव्या घालून का होईना, ठेवून घेतलं. खरं कळलं नि घालवायला निघाले. मेले!

२४ डिसें.
माहेरचं, अमळनेरचं तिकीट आणलं. माझ्या एकटीचं. परत न्यायला कधी येणार विचारलं तर चिडले. म्हटलं, "मी जाणार नाही. माझं औषध इथं चालू आहे." लग्नानंतर पहिल्यांदा अशी तोंडावर बोलले. भीती वाटली, रागही. हे उठले. माझी पिशवी दाराशी ठेवली नि पाळीला गेले.
गाडी उद्याची आहे.