वेणी तुमच्याकडं

११ नोव्हेंबर, सोमवार

लातूरहून सुकन्याचा फोन. "बाबा, साखरपुड्याला वेणी तुमच्याकडं हं. विसरू नका!"

विसरीन? तिची आई गेली तेव्हा पोरगी चौथीत. तेव्हापासून दहावीपर्यंत रोज दोन वेण्या मीच घातल्या. कुणी शिकवलं नाही. जळालेल्या पंपाच्या मोटारी तारेनं भरायला तरी कुणी शिकवलं?

पण नवरीला शाळेतल्या वेण्या चालायच्या नाहीत. सागरवेणी पाहिजे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

मोबाईलवरची बाई हात लई जलद चालवते, आणि खरी गोष्ट सांगतच नाही — दर वळणाला बाजूचे केस किती उचलायचे! कमी-जास्त झाले की वेणी एका अंगाला पळते.

पालथ्या मडक्याला डिंकानं सुतळ्या चिकटवल्या. शेजारच्या उमाबाई डोकावल्या. "काय हो, मडक्याचं लगीन ठरलं का?"

हसलो नाही. त्या गेल्यावर हसलो. एकटाच.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

जमली! मधोमध, ओळंब्यासारखी सरळ. दाखवावी तर कुणाला? मडकं खिडकीत ठेवलं, पाठ माझ्याकडं करून. जेवताना बघत होतो.

२३ नोव्हेंबर, शनिवार

सुकन्या आली. घरात दोन ताटं. नवा कंगवा आणलाय — उद्याच काढायचा.

२४ नोव्हेंबर, रविवार

सकाळी पाट मांडला, तर पार्लरवाली दारात! बघता बघता अंबाडा तयार. मग सुकन्या म्हणाली, "बाबा, वेणी कुठंय? फुलवाल्याकडून आणली न्हाई का?"

फुलांची वेणी! मराठीत एका शब्दानं दोन दोन कामं का करावीत?

"आणतोच," म्हणालो. आधी मडकं माळ्यावर टाकलं. मग सायकल काढली. नायगावच्या बाजारात अबोली नव्हती, शेवंतीवर भागवलं.

कार्यक्रम चांगला झाला. अंबाड्याची सगळ्यांनी तारीफ केली. डावीकडं कललेला होता.

२५ नोव्हेंबर, सोमवार

पाहुण्यांसाठी काढलेली परात माळ्यावर ठेवायला सुकन्या चढली. मडकं घेऊनच उतरली. "हे तुम्ही केलं?"

मी पक्कड शोधत राहिलो. हातातच होती.

ती न्हाली, केस वाळवले, आणि पाटावर माझ्याकडं पाठ करून बसली. "घाला. लातूरच्या बसला वेळ हाय. ओढू नका लई."

भांग सरळ पडला. वेणीही सरळ. मी म्हणालो, वाकडी झाली — आणि सोडून पुन्हा घातली.