आत आवाज आहे

३ मार्च, मंगळवार

दोन लाख चाळीस हजार किलोमीटर पळालेली गाडी कोण घेतं? मी! म्हणजे अजून घेतलेली नाही. पण आज दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "आता स्पष्ट की मघाशी?" विचारत होतो आणि मला दिसत होती तीच. गडद निळी, बुटकी, चार दारांची, तरी अंगात शर्यतीची खोड.

लेकीने हिशेब केला — पृथ्वीला सहा फेऱ्या झाल्या. सातवीला ढकलायला ती येणार नाही म्हणे. बायकोने बँकेचं पासबुक माझ्यापुढे आणून ठेवलं. ते जास्त वाईट.

५ मार्च

मेहुण्याला विचारलं. त्याचं गॅरेज आहे. तो म्हणाला, गाडी कशी आहे ते नंतर बघू, भाव कसा पाडायचा ते आधी. त्याची रीत ठरलेली — इंजिन सुरू झालं की तो मान हलवणार, "आत आवाज आहे" म्हणणार. मी चेहरा पाडायचा. विकणारा आपोआप खाली येतो.

मी हो म्हटलं. हसलोसुद्धा.

८ मार्च, रविवार

मालक सत्तरी ओलांडलेले काका. बस डेपोत इंजिन-फिटर होते. आयुष्यभर इतरांच्या बस दुरुस्त केल्या, मग हौसेने ही एक पळणारी घेतली. आता गुडघा क्लच दाबू देत नाही, म्हणून विकतायत. निवृत्त झाले तरी दर गुरुवारी डेपोतून बोलावणं असतं. ज्या इंजिनाचं दुखणं कुणाला सापडत नाही ते काकांपुढे. पेचकसाचं टोक इंजिनाला, मूठ कानाला — की निदान झालं! काकू हे सांगताना फुलून गेल्या होत्या.

इंजिन सुरू झालं. मेहुण्याने मान हलवली. "आत आवाज आहे."

काकांनी पेचकस आणला. एका जागी लावला, दुसऱ्या, तिसऱ्या. मेहुणा म्हणाला, "हा काय, येतोय की." काकांनी इंजिन बंद केलं.

"मला नाही आला," म्हणाले.

मग स्वतःच किंमत उतरवली. आम्ही मनात धरली होती त्याच्याही खाली. मला चेहरा पाडावा लागलाच नाही. त्यांचाच पडला होता. तो चेहरा मी ओळखतो — तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली नाही की माणसं आधी उजेडाला दोष देतात, मग हसतात, मग गप्प होतात. काका थेट गप्प झाले.

परतताना विचारलं, खरंच होता का आवाज? मेहुणा शीळ घालत होता. म्हणाला, "छे हो भावोजी, एक नंबर इंजिन आहे."

९ मार्च

बायकोला किंमत सांगितली. कशी मिळाली ते नाही.

१३ मार्च, शुक्रवार

विसार द्यायला गेलो. दार काकूंनी उघडलं. काका काल डेपोत गेलेच नाहीत. फोन करून कळवलं — माझा कान गेला, माझ्या भरवशावर बस सोडू नका. इतकी वर्षं ठीक म्हणून रस्त्यावर सोडलेल्यांपैकी किती बिघडलेल्या असतील, एवढंच घोकतायत. जेवणावर लक्ष नाही.

तिथेच उंबऱ्यावर सांगता आलं असतं. नाही सांगितलं. पहिला विचार काय आला? की सांगितलं तर भाव चढेल! लिहूनच ठेवतो. कोडगा आहे मी. पाकीट तसंच घेऊन आलो.

१५ मार्च, रविवार

मेहुणा यायला तयार नाही, गॅरेजचं नाव जाईल म्हणतो. एकटाच गेलो. सगळं सांगितलं, मान हलवण्यापासून. मूळ किंमत देतो म्हटलं.

काकांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवला.

"चष्म्याचं दुकान ना तुमचं? म्हाताऱ्यांना असाच धीर देत असाल. चांगला स्वभाव आहे. पण माझ्यासाठी स्वतःला लबाड म्हणवून घेऊ नका."

मी शपथ घेतली. पुन्हा इंजिन ऐका म्हणून हातापाया पडलो.

"ऐकलं. रोज ऐकतोय. काहीच येत नाही, हीच तर अडचण आहे."

शरमेने मेल्यासारखं झालं. आणि ते मलाच पाणी विचारत होते.

१६ मार्च

बायकोला सगळं सांगितलं. तिने भावाला फोन लावला आणि दार लावून घेतलं. बराच वेळ बोलत होती.

१७ मार्च, मंगळवार

मेहुण्याला घेऊन गेलो. त्याने काकांपुढे कान धरले, खोटं बोललो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. काका आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिले.

"आज दोघे आलात. म्हणजे फारच गेलाय माझा कान."

किल्ली माझ्या हातात दिली. "घेऊन जा. हिचं काय दुखतंय ते मला कळत नाही, आणि ही रोज समोर उभी."

घेतली मी.