आउट ऑफ प्रिंट आणि पलंगाखाली

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त मनातल्या मनात). तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? इथे सगळे खुशाल आहेत, फक्त अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. तुझ्या धाकट्या भावाचा अबोला म्हणजे काय चीज असते, हे तुला मी काय सांगावं!

त्याचं असं झालं. मला इंग्रजी-मराठी कोशाचं काम मिळालंय, हे तुला ठाऊक आहेच. माझ्या वाट्याला 'प्रिंट' हा शब्द आला. मला वाटलं, प्रिंट म्हणजे छपाई, चहा उकळेपर्यंत उरकेल. पण तो शब्द कसला, खटलंच आहे! कापडावरची नक्षी म्हणजे प्रिंट, फोटोची प्रत म्हणजे प्रिंट, धुळीत उमटलेला ठसा म्हणजेही प्रिंट. शिवाय विम्याच्या कागदावर तळाशी मुंग्यांसारखं जे असतं (आणि पैसे मागायला गेल्यावरच जे आपल्याला दिसतं) ते फाइन प्रिंट. त्यात आमच्या संपादकबाईंचा दंडक असा, की उदाहरणाची वाक्यं मनाने रचायची नाहीत, कुणीतरी खरोखर बोललेलीच हवीत. मग मी घरातच कान टवकारून बसलो. 'हा प्रिंट उशीच्या अभ्र्याला शोभेल, मला नाही' हे बायकोचं वाक्य जसंच्या तसं घेतलं (साडी मी आणली होती). 'आउट ऑफ प्रिंट'ला मात्र काही केल्या वाक्य मिळेना. तेव्हा तुझं आठवलं. मागल्या खेपेला जेवण झाल्यावर अण्णा हात धुवायला उठले आणि तू हळूच म्हणालीस, "याचा कवितासंग्रह आउट ऑफ प्रिंट आहे, हे वाचकांचं नशीब!"

बाईंना ते वाक्य फार आवडलं. पण तपासायची पानं घरी आली ती नेमकी अण्णांच्या हाती पडली. वाक्यात नाव नव्हतं, पण घरात कवितासंग्रह काढलेला माणूस एकच. अण्णा तडक बाईंकडे गेले. मला वाटलं, अपमान केला म्हणून भांडतील. छे! त्यांची तक्रार अशी, की माहिती साफ चुकीची आहे, पुस्तक अजून हवं तितकं मिळतं. बाईंनी शांतपणे विचारलं, किती प्रती उरल्यात? अण्णा चष्मा पुसू लागले. (पलंगाखाली इतके गठ्ठे आहेत की एक पाय मोडूनही पलंग कललेला नाही.) पुन्हा छापायचं नसेल तर ते आउट ऑफ प्रिंटच, मग आधीच्या प्रती खपोत न खपोत, असा बाईंनी निकाल दिला. घरी येऊन अण्णांनी मला एवढंच विचारलं, "हे बोललं कोण?" मी तोंडाला कुलूप लावलं. तेव्हापासून ते ताट खोलीत मागवतात आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. आधी मी हसण्यावारी नेलं, पण आत्या, आता मला खरंच वाईट वाटतंय. बाकी क्षेम.

तुझा,
कोशात अडकलेला भाचा

ता. क. तुझं नाव मी अजिबात फोडलेलं नाही. म्हणजे कालपर्यंत.

आणखी एक ता. क. काल फोडलं, पण भलत्याच कारणाने. आत्याने उरलेल्या सगळ्या प्रती मैत्रिणींना वाटायला मागवल्यात, अशी थाप मारली. अण्णांनी विचारलं तर "हो, मीच मागवल्या" एवढं म्हण, म्हणून तर हे पत्र. माळ्यावर जागा कर. गठ्ठे उद्या निघतील.

शेवटचा ता. क. आज अण्णा आमच्यात येऊन जेवले. दुसऱ्यांदा भात मागून घेतला. मग चष्मा शोधला, गठ्ठे सोडले आणि एकेका प्रतीवर सही करत बसले. ते वाक्य कुणाचं, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक असावं, कारण मी डोकावून पाहिलं तर प्रत्येक प्रतीवर एकच मजकूर आहे: 'ताईस, न हसता वाचावे.' तेव्हा मैत्रिणींना वाटायचं विसर. सगळ्या तुझ्याच आहेत.