खांदा कापलेली गिटार

४ फेब्रुवारी

ती. दादास, टिटवीचा सा. न. वि. वि.

वहिनींनी पाठवलेला फोटो परवा मिळाला. त्या खिडकीशी बसल्या आहेत, मांडीवर तू केलेली नवी गिटार, आणि तिचा मानेलगतचा एक खांदा गोलाईत कापलेला. फोटो छान आलाय, एवढंच लिहून पत्र संपवणार होते. जमलं नाही. पोटात दुखतंय ते सरळच सांगते.

बावीस वर्षांपूर्वी मी हीच मागितली होती. तेव्हा तू म्हणालास, खांदा कापला की खोक्यातली हवा कमी होते, खर्ज बसतो, आणि आपल्या कारखान्यात खांद्याला करवत लावायची नाही असं अप्पा बजावून गेलेत. वडिलांचा शब्द म्हणून मी हट्ट सोडला. आजही त्याच अखंड गिटारीवर वाजवते. मानेवरच्या चौदाव्या पडद्यापुढे, वरच्या सुरांकडे जायचं म्हणजे कुंपणावरून हात घालून शेजाऱ्यांची फुलं तोडायची: मनगट वाकडं, अंगठा सुटलेला, सूर अर्धा.

हॉटेलात संध्याकाळी आम्ही तिघं वाजवतो, त्यात गेल्या महिन्यात एक नवी मुलगी आली. तिची गिटार खांदा कापलेली. सतराव्या पडद्यावर ती या खोलीतून त्या खोलीत जावं तशी जाते. व्हायोलिनवाल्याने वरचे सगळे तुकडे तिला दिले आणि मला म्हणाला, तुम्ही खालून आधार द्या. आधार द्यायला मी काय टेकू आहे?

वहिनी गिटार शिकायला लागून दोन वर्षं झाली. त्यांचं आठव्या पडद्यापुढे काम काय? रागावू नकोस, पण उत्तर दे.

माझ्याकडचा लोभ सध्या पातळ आहे. तुझा तरी दाट असू दे.
टिटवी

१२ फेब्रुवारी

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

लहानपणी माझी पेन्सिल तुझ्यापेक्षा बोटभर लांब निघाली तरी तू घर डोक्यावर घ्यायचीस. बदलली नाहीस.

खांदा कापायचं काम सोपं नाही गं. खोक्याची साधी कड, म्हणजे बाजूची पातळ पट्टी, ओली करून तापल्या नळीवर दाबली की वळते. इथे तीच पट्टी एकदा बाहेर आणि एकदा आत वळवावी लागते. तीन तडकल्या, चौथी बसली. खर्ज थोडा उतरतो हे माझं मत आजही कायम आहे. पण तुझ्या वहिनीचे हात लहान. दिवसभर शिवणयंत्रावर बसून खांदे भरून येतात तिचे, म्हटलं हिला हात वाकवायला लागू नये. एवढंच.

तुझ्या बोटांना कसलं आलंय कुंपण? येशील तेव्हा वाजवून बघ.

राग ओसरला की दोन ओळी पाठव.
दादा

२१ फेब्रुवारी

ती. दादास नमस्कार.

राग ओसरलेला नाही, तरी लिहिते. शनिवारी वाद्यांच्या दुकानात गेले. एकाच लाकडाच्या, एकाच मापाच्या दोन गिटारी काढायला लावल्या, एक अखंड आणि एक कापलेली, आणि पाठ फिरवून उभी राहिले. दुकानदार कधी ही वाजवायचा, कधी ती. दहापैकी पाच वेळा मी बरोबर ओळखलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. जोरात छेडली तर अखंड गिटार जरा भरून बोलते असं वाटलं खरं, आणि दिसायलाही मला आपलीच आवडते. पण ज्यासाठी वरचे सूर सोडून द्यावेत एवढा तो फरक नाही. हा कान तूच तयार केला आहेस, म्हणून सांगते.

मग अप्पांच्या जुन्या सोबत्याला फोन केला. तीस वर्षं त्यांच्या शेजारी रंधा चालवला त्याने. खांद्याला करवत लावू नका असं अप्पा कधी म्हटल्याचं त्याला आठवत नाही.

मग ते कोण म्हणालं?

उत्तराची वाट पाहणारी,
टिटवी

१ मार्च

प्रिय वन्संना वहिनीचा नमस्कार.

हे पत्र तुमच्या दादांना न सांगता लिहिते आहे. तुमचं पत्र आल्यापासून ते कारखान्यात लाकूड चिकटवायचा सरस गरम करतात आणि तसाच गार होऊ देतात.

तुम्ही माझा हेवा करता हे वाचून मला आधी हसू आलं. पण वन्सं, मी पंचवीस वर्षं कपडे बेतते. दुसऱ्याच्या मापाचं अंगावर आलं की मला कळतं. या गिटारीची मान माझ्या मुठीत मावत नाही. परवा टेप लावून पाहिली. मानेची रुंदी, तारांमधलं अंतर, सगळं तुमच्या जुन्या गिटारीचं. ती मापं कारखान्याच्या दारामागे अजून पेन्सिलीने लिहिलेली आहेत. ही तुमच्यासाठी बेतलेली आहे. माझ्याकडे कशी आली, ते त्यांनाच विचारा.

या घरात अठरा वर्षं मी एकच ऐकते आहे: टिटवीची बोटं, टिटवीचा कान. कोणी कोणाचा हेवा करायचा ते तुम्हीच ठरवा.

माया पातळ होऊ देऊ नका, एवढंच मागणं.
तुमची वहिनी

८ मार्च

चि. टिटवी, आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.

अप्पा काही म्हणाले नव्हते. ते मी म्हणालो.

तेव्हा आपण दोघं वाजवायचो, तू वरून, मी खालून. मोठ्या वाद्यवृंदाचा तो संचालक ऐकायला आला. तुला बाजूला घेऊन तो अर्धा तास बोलला. मला एवढंच म्हणाला की गिटारी छान केल्या आहेत. घरी आल्यावर तू खांदा कापलेली मागितलीस, वरचे सूर हवेत म्हणालीस. मी कागदी साचा आखलाही होता. मग वाटलं, हिला वरचे सूर मिळाले की माझे खालचे कशाला लागतील? साचा फाडला आणि अप्पांचं नाव पुढे केलं. ते तेव्हा हयात नव्हते, त्यामुळे विचारणार कोण? वरच्या सुरांना हात पुरत नाही म्हणून तू त्या वाद्यवृंदात गेली नाहीस, तेव्हा मला बरं वाटलं होतं. हे लिहायला आठ दिवस लागले.

ही गिटार गेल्या वर्षी तुझ्यासाठीच केली. सोबत काय लिहावं ते सुचेना, म्हणून पेटीतच पडून राहिली. तुझ्या वहिनीने पेटी उघडली, कोणाची म्हणून विचारलं, आणि तिचा चेहरा असा फुलला होता की मी म्हणून गेलो, "तुझीच." आता मी दोघींचाही अपराधी आहे.

लोभ मागायला तोंड नाही.
दादा

१७ मार्च

ती. वहिनींना टिटवीचा नमस्कार.

दादाला मी अजून महिनाभर लिहिणार नाही. बावीस वर्षं मी माझ्या मनगटाला दोष देत आले. तेवढ्यासाठी एक महिना काही फार नाही. तो जेवतो ना, तेवढं मात्र कळवा.

गिटार तुमच्याकडेच राहू द्या, असं लिहायला बसले होते. चार ओळी लिहून फाडल्या. मोठेपणा मला जमत नाही, वहिनी. मला ती हवी आहे. पाठवून द्या.

पण त्याआधी दादाला दुसरी करायला बसवा, तुमच्या मुठीच्या मापाची. टेप तुम्ही धरा. खांदा कापायचा की अखंड ठेवायचा, ते तुमचं तुम्ही ठरवा, त्याचं मत विचारू नका. आणि ती माझ्या गिटारीपेक्षा गोड वाजली, तर मला एवढ्यात सांगू नका.

तुमच्यावर लोभ आहे. हेव्यासकट आहे, पण आहे.
तुमची टिटवी