रिकाम्या काट्याचं शून्य

आई, तू ठेवलेलं नाव अजून कुणीतरी वापरतं, हे तुला सांगायचं होतं.

अड्याळच्या मिलमध्ये धानाच्या वजनाची नोंद तूच संगणकावर आणलीस, आणि ते काम मला घरी, पोळ्या लाटता लाटता शिकवलंस. काट्यावरचं वजन डेटाबेसमध्ये लिहिणाऱ्या फंक्शनचं, म्हणजे प्रोग्रॅमच्या त्या तुकड्याचं, नाव तू साधं 'वजनघे' ठेवलंस. आता तुझ्या खुर्चीवर मी बसते. धानाची ओलही नोंदवायची म्हणून मी नवं फंक्शन लिहिलं, त्याला नीटसं नाव दिलं आणि 'वजनघे' पुसायला निघाले. तेव्हा ती सकाळ आठवली. मी कॉलेजात आहे, असंच एक नाव बदलून तुला दाखवते आहे. तू पोळी उलटत म्हणतेस, "लग्नात तांदळाच्या ताटात माहं नवं नाव लिवलं. म्हणून माहेरच्या आसगाववाल्यायनं जुन्या नावानं हाक मारली तं मी ओ देत नाही का? राहू दे ते नाव. कोण कुठून बोलावून राहिलं, तुले काय मालूम?"

म्हणून मी ते ठेवलं. जुन्या नावानं आलेलं काम ते नव्याकडे देतं, आणि कुठून आलं ते लिहून ठेवतं. मिलला वजनं पाठवणाऱ्या सगळ्या धान-केंद्रांना मी नवं नाव कळवलं होतं. तरी रोज दुपारी, जेवणं झाली की, जुन्या नावानं एक नोंद यायची. वजन शून्य, पोती शून्य. ठिकाण दिघोरी. तूही दिघोरीच्या गोदामावर असायचीस तेव्हा जेवून आलीस की रिकाम्या काट्याचं शून्य पाठवायचीस. "रिकामा काटा खरं बोलते का, ते आधी पाहावं," म्हणायचीस.

दिघोरीचं गोदाम आता बंद असतं. मी मालकांना घेऊन गेले. धुळीखाली तुझा जुना संगणक चालूच होता, रोज दुपारी आपोआप शून्य पाठवत. मालक हसले. "पाह्य, तुह्या मायनं मरूनबी ड्युटी नाही सोडली." त्यांनी वायर काढली, संगणक आणून माझ्या टेबलाखाली ठेवला. "आता सोमवारी ते जुनं नाव काढून टाक, पोरी. कायले दोन-दोन नावं?"

मी हो म्हटलं. नाव काढलं की बोलावणाऱ्याला काय उत्तर जातं, ते मला पाठ आहे: या नावाचं इथे काहीही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शून्य आलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. सोमवारी मालकांनी विचारलं, "काढलं का?"

"नाही. अजून एक जागा वापरून राहिली."

"कोणती?"

मी टेबलाखाली पाहिलं. वायर गुंडाळलेली, तशीच संगणकावर पडली होती. नोंदीत ठिकाण मात्र दिघोरीच आहे.

हे तुझ्याखेरीज कुणाला सांगता येणार नाही, आणि तुलाही पाठवता येणार नाही. वायर काढल्यानंतरचं पहिलं शून्य मीच पाठवलं होतं, आई, दिघोरीचं ठिकाण घालून. ती दुपारची जागा रिकामी बघवली नाही. त्यानंतरची मी पाठवलेली नाहीत.