सोडून दिलेल्या माशाची साक्ष

ती. मामांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात निम्माच घातला आहे, उरलेला कागदावर मानून घ्यावा).

गुडघा कसा आहे? प्लॅस्टर निघालं, की अजून पलंगावरूनच मामीला हुकूम सोडणं चालू आहे? इकडे सगळे सुखरूप आहेत. मी सोडून. त्याचंच सांगतो.

मासे पकडायला तुम्ही शिकवलंत आणि मोठा मासा सोडून द्यायचा, हेही तुम्हीच शिकवलंत. पहिल्याबद्दल मी ऋणी आहे, दुसऱ्याने माझा संसार धोक्यात आला आहे. अकरा वर्षं मी रविवारी तलावावर जातो, चिखलाने माखलेल्या पँटीनिशी रिकाम्या हाती परततो आणि "सोडून दिला" म्हणतो. शेवटी तुमच्या सूनबाईने निकाल दिला: महिनाअखेरपर्यंत माशाचा पुरावा आणा, नाहीतर ती गळाची काठी जळमटं काढायला घेतली जाईल. तिला बांधायचा ब्रशही आणून ठेवलाय. (काठी तुम्ही दिलेली. म्हणजे अब्रू दोघांची.)

म्हणून परवा साक्षीदार म्हणून तिच्याच भावाला नेलं. हा मेहुणा दातांचा डॉक्टर. मासे सुखरूप कसे सोडावेत यावरचं एक पुस्तक त्याने मुद्दाम वाचलं होतं, आणि एकच पुस्तक वाचलेल्या माणसाइतका घातक प्राणी कुठल्याच पाण्यात नसतो. सव्वानऊला गळाला मासा लागला. "भाऊजी, त्याला फार दमवू नका!" हा मागून ओरडतोय, कोण कोणाला दमवत होतं ते माझ्या कंबरेला विचारा. शेवटी जाळीत आला तो मिशीवाला, आमच्या स्वयंपाकाच्या ओट्याएवढा (बरं, अर्ध्या ओट्याएवढा). हात ओले केले, त्याला ओल्या चटईवर घेतलं, डोळ्यांवर ओलं फडकं टाकलं. आता पुस्तकातला नियम असा, की मासा पाण्याबाहेर असेल तोवर आपणही श्वास रोखून धरायचा, म्हणजे त्याच्या जिवाची कल्पना येते. मी रोखला. मेहुणा पक्कड घेऊन वाकला आणि त्याच्यातला डॉक्टर जागा झाला. "आ करा. जरासंच दुखेल." गळ तीन सेकंदांत निघाला. पण मग हा गृहस्थ माशाचं तोंड तपासत बसला! "खालची ओळ काय सुरेख आहे हो, भाऊजी! आणि तुमची बघा." मला बोलता येईना, गाल फुगलेले, डोळे बाहेर. अखेर मीच एक हात पोटाखाली, एक शेपटीशी धरून मासा पाण्यात नेला आणि तो आपणहून निघेपर्यंत सरळ धरून ठेवला. शेपटी माझ्या थोबाडीत मारून तो गेला. तो खाली गेला, मी आडवा झालो.

शुद्धीवर आलो तर सगळा अंधार. मेहुण्याने मला त्याच ओल्या चटईवर निजवून डोळ्यांवर तेच फडकं टाकलं होतं. "हलू नका. कोरड्या हातांनी मी तुम्हाला शिवणार नाही," म्हणाला. पुस्तकात माणसांचं प्रकरण नसावं.

घरी सूनबाईने विचारलं, "फोटो?"

"हातात पक्कड होती, ताई."

"मासा तरी पाहिलास?"

"तोंड पाहिलं. बाकीचा भाऊजींच्या आड होता."

असला साक्षीदार वैऱ्यालाही मिळू नये. असो. मामीला नमस्कार.

तुमचा, पाण्याबाहेर काढलेला
भाचा

ता. क. तुमच्या प्लॅस्टरचं मी घरात बोललेलो नाही. तेव्हा सूनबाईचा फोन आला तर एवढंच सांगा, की परवा तलावावर तुम्हीही होतात आणि मासा डोळ्यांनी पाहिलात. ओटा पूर्ण सांगा.

ता. क. २ पत्र वाचून फाडून टाका.

ता. क. ३ मामा, सूनबाईचा नमस्कार. हे पाकिटासाठी डिंक शोधताहेत, बाटली माझ्याकडे आहे. भावाने पेशंटच्या तोंडाचे काढतो तसे दोन फोटो काढलेत, गळ काढण्याआधीचा आणि नंतरचा. ते त्याने मला आधीच पाठवले होते, यांच्यासमोर नाही म्हणाला तो माझ्याच सांगण्यावरून. मासा खरंच मोठा आहे, मागे गाल फुगवून हे. फोटो मी महिनाअखेरीला दाखवीन. काठी वाचावी म्हणून दोन दिवसांत यांनी भांडी घासली, पडदे धुतले, माळा आवरला. गुडघ्याला जपा. आणि मी फोन केला तर कृपा करून खोटं बोलू नका, अजून पंखे पुसायचे राहिलेत.