बंकटरावांनी केलेली वालाची सेवा

युसूफ वडगाव,
बुधवार

चि. बंकट यास,

ताईचा आशीर्वाद. गुडघा कसा हाय? संगीता आणि लेकरं मजेत असतील. वालाचा वेल सोडला तर इकडं सगळे बरे हाओत. फोनवर तुझं नुसतं 'हां ताई, हां ताई' चालतं आणि मधेच रेंज जाते (सिरसाळ्याची रेंज मी रागावले की बरोबर जाते), म्हणून कागदावर लिहिते. पूर्ण वाच.

भाऊबीजेला आलास, चार दिवस राहिलास, साडी बी लई चांगली आणलीस. पण परसातल्या वालावर थोडी माव्याची कीड दिसली आणि तुझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला, तिथंच आमचं नशीब फुटलं. दीड मिनिटाचा व्हिडिओ बघून तू सगळ्या गल्लीला शिकवलंस, की काळ्या ठिपक्यांचा लाल ढालकिडा मावा खातो, त्याला हात लावायचा न्हाई. इथपर्यंत खरं. पण त्याच वेलावरच्या काळ्या, नारिंगी डागांच्या काटेरी अळ्या तू चिमटीनं एकेक वेचून साबणाच्या पाण्यात बुडवल्यास. दोन दिवस! (जेवायला बोलवलं तर माझ्यावरच वसकन ओरडलास.) परवा कृषी सहायक माया मॅडम आल्या, त्यांना तुझ्या पराक्रमाचा फोटो दाखवला, तर त्यांनी कपाळाला हात लावला. अरे बाबा, त्या अळ्या म्हणजे ढालकिड्याचीच पिल्लं, मावा फस्त करण्यात आईबापाच्या बी पुढं! लेकरं बुडवलीस आणि आईबापांचे फोटो स्टेटसला ठेवलेस.

आता शेंडा न् शेंडा माव्यानं चिकट झालाय. येळवशीच्या अमावस्येला आपल्या अंजलीच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदाच आमच्या रानात जेवायला येणार. साखरपुड्यात विहीणबाईंनी, रुक्मिणीबाईंनी, खोचून विचारलं होतं, भाजीला औषध मारता का म्हणून. मी ताठ मानेनं सांगितलं, येळवशीच्या शेंगाभाज्यांच्या भज्जीत घरचा वाल असंल, औषधाचा थेंब न पडलेला. आता फवारावं तर मी खोटी, न फवारावं तर भज्जीत वाल न्हाई. त्या बाईची जीभ तुला ठाऊक हाय. माझी पोरगी जन्मभर टोमणे ऐकंल, याची मला खरंच धास्ती बसलीय रे.

तुझी,
छबुताई

ता. क. : तुझ्या करडईवर ढालकिडे नुसते बुजबुजलेत, असं संगीता म्हणाली. असणारच. फवाऱ्याचा पंप तू जन्मात पाठीवर घेतला न्हाईस, आळसाचं एवढं तरी सोनं झालं. रविवारी डबाभर आण, तोंडाला पातळ कापड बांधून. अळ्या बी आण.

आणखी ता. क. : दाजींना मी सगळा दोष तुझाच सांगितलाय. ते बोलतील, मुकाट्यानं ऐकून घे. पहिली अळी 'हाच बघ चोर' म्हणून मीच तुला दाखवली आणि साबणाचं पाणी बी मीच कालवून दिलं, हे आपल्या दोघांतच राहू दे.